बिरोबाची घोंगडी कोणी विणली

माणदेशातल्या हिवरवाडी नावाच्या गावी निवांतबुवा महाराज उन्हाळ्याच्या तोंडाला आले, बिरोबाच्या देवळामागे हिवराच्या सावलीत बसले, आणि बसले ते बसलेच. अंगावर एक कांबळं, शेजारी पाण्याचा भोपळा, एवढाच त्यांचा संसार. घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांनीच त्यांना निवांतबुवा हे नाव दिलं होतं. मूळचं नाव कोणी विचारलं तर महाराज हसून म्हणत, "तुम्ही ठेवलंत तेच बरं आहे."

पण महाराजांकडे जाणं सोपं नव्हतं बरं! कोणी गाऱ्हाणं घेऊन गेला तर अंगारा नाही, ताईत नाही, व्रत नाही. महाराज त्यालाच उलट एखादा साधासा प्रश्न विचारत आणि माणूस डोकं खाजवत घरी जाई. एकाने सांगितलं, म्हैस दूध चोरते. महाराज म्हणाले, "तिला पाण्यावर कोण नेतं?" तो बिचारा दिवस मावळेपर्यंत बांधावर बसून याचा अर्थ लावत होता. गावात दोन तट पडले होते. काही म्हणत, हे पोचलेले पुरुष आहेत. काही म्हणत, पोचलेले असतील, पण आम्हाला कुठे पोचवतात ते कळत नाही.

या गावात सनगरांची घरं होती. धनगरांनी लोकर आणायची आणि सनगरांनी घोंगड्या विणायच्या, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. त्यातलं सिदू सनगराचं घर मानाचं. यात्रेच्या दिवशी बिरोबाची पालखी गावाला वळसा घालून चौकात येते आणि खांद्यावरून खाली उतरते. ती उघड्या भुईला टेकत नाही, त्या वर्षीच्या नव्या काळ्या घोंगडीवर टेकते. ती घोंगडी सिदूच्या घरची. विकतची चालत नाही, उसनी चालत नाही, त्याच घरात, त्याच घराच्या माणसाने विणलेली लागते. एखाद्या वर्षी चुकली तर मान दुसऱ्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही.

त्या वर्षी यात्रा तोंडावर आली आणि सिदू चिंचेवरून पडला. घोंगडीला खळ लागते ती चिंचोक्यांची. पुढच्या घोंगड्यांच्या खळीसाठी चिंचा झोडपायला तो वर चढला, फांदी मोडली आणि उजवा खांदा निखळला. वैदूने बांबूच्या कांबी लावून हात गळ्यात बांधून दिला आणि पावसाळ्यापर्यंत हलवू नको म्हणून बजावलं. घरात मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला होता, खळ देऊन वाळलेला होता. फक्त विणायचं राहिलं होतं.

सिदूची बायको केराबाई. हिची ही कथा.

केराबाईचे हात रिकामे कधी कोणी पाहिले नव्हते. लोकर पिंजणं, सूत उकलणं, चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून खळ करणं, ती ताण्यावर चोपडणं, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या कांड्या भरणं, विणताना धागा तुटला की सांधणं, हे सगळं तिचं. सनगरांच्या घरात पुरुषाने विणायचं आणि बाईने बाकी सगळं करायचं. बाकी सगळं म्हणजे किती, ते विचारू नये! पण मागाच्या खड्ड्यात उतरून पावड्या, म्हणजे पायाखालच्या फळ्या, दाबायच्या त्या पुरुषानेच. बाई मागावर बसत नाही. हे केराला कोणी शिकवलं नव्हतं. चुलीत हात घालू नये हे जसं आपोआप कळतं, तसं तिला ते कळलेलं होतं.

यात्रेची बोलणी करायला मंडळी देवळाच्या कट्ट्यावर जमली. केरा पदर पुढे ओढून खांबामागे उभी राहिली. सिदूचा थोरला चुलतभाऊ भिवा तिथे पुढे होऊन बोलत होता. भिवाच्या घरी माग अनेक, माणसं अनेक आणि आवाज सगळ्यांत मोठा. मानाकडे त्याचा कधीचा डोळा होता.

"सिदूच्या घरी ताणा लागलाय म्हनं," भिवा म्हणाला. "बरं झालं. आता इनायला कोन, मेंढरं येनार? का केरा उतरतीया खड्ड्यात?"

मंडळी खो खो हसली. पुजाऱ्यालाही हसू आवरेना. आणि गंमत अशी की पदराआड केराही हसली. बोलणंच तसं अचाट होतं. बाई म्हणे खड्ड्यात! घरी येताना मात्र ते हसू विरलं आणि तिला कळेना की आपण नेमकं कोणाला हसलो.

घरी सिदू भिंतीकडे तोंड करून पडला होता. "काय ठरलं?" त्याने विचारलं.

"आपल्या घरात घोंगडी झाली न्हाई, तर मान भावजींच्या घरी."

सिदू डाव्या हाताने नुसता डोळे पुसत राहिला. आपला नवरा रडताना केराने पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने महाराजांचे पाय धरले.

"म्हाराज, ह्यांचा हात बरा करा. न्हाईतर द्येवाला सांगा, म्हनावं तुझी घोंगडी तूच इनून घे."

महाराजांनी शांतपणे विचारलं, "घरात हात कोणाकोणाचे धड आहेत?"

"माजं हायेत. सासूचं हायेत."

"मग?"

"आवो, बायका मागावर बसत न्हाईत!"

"कोणी सांगितलं?"

केरा आठवू लागली. कोणी सांगितलं? सगळेच सांगतात. पण सगळे म्हणजे कोण, हे काही तिला आठवेना.

"जा, विचारून ये," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

केरा गोंधळून घरी आली. गेली होती देवाचा हात मागायला आणि परत आली एक प्रश्न घेऊन! तिने नवऱ्याला विचारलं. सिदू म्हणाला, "आपल्यात चालतच न्हाई ते. आमच्या आईनं जल्मात पाय ठिवला न्हाई खड्ड्यात. भिवादादाला इचार, त्याला रीतभात ठावं." थोरल्या भावजींशी ती समोरासमोर बोलत नसे, म्हणून दाराआडून जावेकडून विचारवलं. भिवा ओसरीवरून गरजला, "वाडवडलांची रीत हाय! राहीकाकूनं पाळली, तिला जाऊन इचार की!"

राहीकाकू म्हणजे केराची सासू. म्हातारी परसात शेंगा फोडत बसली होती. केरा तिच्याजवळ उकिडवी बसली.

"आत्याबाई, तुमाला कुणी सांगितलं हुतं, बाईनं मागावर बसू न्हाई म्हनून?"

"आं?"

"तुमी मागावर का बसला न्हाई कधी?"

म्हातारीने शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "अगं, माजं पाय पोचत न्हवतं."

"म्हंजी?"

"तुजा सासरा उंच. त्येनं आपल्या मापानं खड्डा खांदला. मी ही एवढीशी. एकदा बसले, तर पाय लोंबकाळायलं पावड्यांवर. तो लई हसला. मग न्हाई बसले पुन्यांदा."

"मग ती रीत?"

"कसली रीत?"

जिच्या नावावर सगळे रीत सांगत होते, तिला रीतच ठाऊक नव्हती. एका बुटक्या बाईचे पाय पोचले नाहीत आणि बघता बघता घरादाराचा नियम होऊन बसला! केराला हसावं की रडावं ते कळेना. ती उठून माग होता त्या खोलीत गेली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. मनाई कोणाचीच नव्हती. एक पाय उचलून आत ठेवायचा, एवढंच. पण पाय उचलेना. ती आल्या पावली बाहेर आली.

मंडळी, हे ध्यानात घ्या. मनाई नाही हे कळलं म्हणून भीती जात नाही. दुसऱ्याने घातलेलं कुंपण माणूस ओलांडतो. आपणच आपल्याभोवती घातलेलं ओलांडायचं, तर आधी ते दिसावं लागतं, आणि दिसलं की त्याचंच भय वाटतं.

केरा पुन्हा महाराजांकडे आली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. "कुणीच सांगितलं न्हाई, म्हाराज. पर माजा पाय खाली जात न्हाई. लई येडी हाय मी."

"बरं," महाराज सहज म्हणाले, "मग मी विणतो."

केरा रडायची थांबली. "तुमी?"

"हो. पण मला खड्ड्यात बसता येणार नाही, माझे गुडघे दुखतात. तू खाली बसून माझी जागा धर, मी समोर वर बसेन. एक कर, खाली बघायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं आणि बिरोबाचं नाव घ्यायचं. हातापायांची काळजी माझ्यावर."

यातलं केराला काही कळलं नाही. जागा धरायची म्हणजे काय? पण महाराज विणणार म्हणजे आपण विणणार नाही, एवढं तिला कळलं आणि जीव हलका झाला. महाराज देवाचा माणूस, त्यांना घरचंच समजायचं, असं तिने मनाशी धरलं. घरी तिने सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून महाराज मागावर येणार, कोणी आत डोकावू नका; दुपारची भाकर तेवढी सासूने आणून द्यायची.

सकाळी परसदाराने महाराज आले. तसेच कांबळ्यात गुरफटलेले. मागापलीकडे भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "बस." दुसऱ्याची जागा धरायची आहे, या भरवशावर केरा खड्ड्यात उतरली. डोळे महाराजांच्या तोंडावर, ओठांवर नाव. जरा वेळाने धोटा सरकल्याचा आवाज आला. मग वीण घट्ट बसवणारी फणी ठोकल्याचा. सुरुवातीला आवाज अडखळत होता. महाराज नवखे आहेत, तिला वाटलं, चालायचंच. धागा तुटला की महाराज म्हणत, "सांध." ते तिचं रोजचं काम, ती न बघता सांधत असे. दिवे लागायच्या सुमाराला महाराज उठत आणि परसदाराने जात. ती मागाकडे न बघता त्यावर कापड टाकून बाहेर येई. रात्री पाय भरून येत. दिवसभर अवघडून बसल्यावर दुखणारच, असं ती स्वतःला सांगे.

असे दिवसामागून दिवस गेले. आवाज हळूहळू लयीत येऊ लागला. बाहेर अंथरुणावर पडून सिदू ऐकत असे. एकदा म्हणाला, "म्हाराजांचा हात बसाय लागला गं." केरा म्हणाली, "व्हय, मलाबी तसंच वाटतंय."

यात्रेच्या आदल्या दिवशी महाराज म्हणाले, "झाली. काप." केराने खाली पाहिलं, तर काळीभोर घोंगडी पूर्ण झालेली! तिने ती उतरवून घडी घातली आणि मान वर केली, तर महाराज निघून गेले होते.

यात्रेला ही गर्दी लोटली. ढोल घुमत होते, भंडारा उधळत होता, चौक पिवळाधमक झाला होता. पालखी चौकात आली. केराने घोंगडी पसरली. एका हाताने तिला मदत करताना सिदूचा चेहरा फुलून आला होता. पुजारी भंडाऱ्याचं ताट घेऊन पुढे झाला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "ज्याच्या हातची घोंगडी, त्याच्याच हातचा भंडारा. ताट कुणाला दिऊ?"

केरा पदर सावरत हळूच म्हणाली, "म्हाराजांला द्या. त्यांनीच इनली."

"थांबा!" भिवा पुढे आला. "पालखी टेकवू नका. म्हाराज काय ह्या घरचं मानूस हायेत व्हय? आन म्हाराजांला कवापासनं इनाय याया लागलं? ही विकतची घोंगडी हाय. द्येवाला फशिवत्यात ही!"

चौकात कुजबुज वाढली. पालखीचे भोई खांद्यावर ओझं घेऊन ताटकळत उभे. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या धनगरवाडीची मंडळी ढोल घेऊन चौकात शिरली आणि त्यांच्याबरोबर धुळीने माखलेले निवांतबुवा महाराज.

"इचारा की म्हाराजांला," कोणीतरी म्हणालं.

धनगरांचा म्होरक्या आश्चर्याने म्हणाला, "कसली घोंगडी? आमच्या वाडीत मेंढरांला रोग आला. म्हाराज येवढं सगळं दीस आमच्याच वाड्यात बसून हुतं. मेंढरांच्यातच झोपायचं, आमच्यातच जेवायचं. आत्ता आमच्यासंगं डोंगर उतरलं."

केरा पुढे धावली. "म्हाराज, तुमी आला हुता की! समोर बसला हुता! आत्याबाई, तुमी तरी सांगा!"

म्हातारी पुढे आली. "मी तुला दुपारची भाकर द्याया येत हुते न्हवं रोज? आत तू एकलीच असायचीस. इनत असायचीस आन भिंतीकडं बघून हसायचीस. म्या म्हनलं, पोर लाजती, म्हनून म्हाराजांचं नाव सांगती. मग म्या कशाला बोलू?"

"एकली?" केराने केविलवाण्या नजरेने महाराजांकडे पाहिलं. आता तरी ते हो म्हणतील, खरं काय ते सांगतील!

महाराज म्हणाले, "बाई, धोटा कोणत्या हातात धरतात हेसुद्धा मला माहीत नाही."

झालं! देवापुढे खोटं बोलली, असंच सगळ्या गावाला वाटलं. सिदूने मान खाली घातली. भिवा जोरात हसला आणि घोंगडी उचलून लोकांना दाखवू लागला. "बघा, बाजारची घोंगडी कशी..." आणि बोलता बोलता तो थांबला.

कितीही गर्विष्ठ असला तरी भिवा जातीचा विणकर होता. घोंगडीचा काठ त्याच्या बोटांत आला होता. त्याने सुरुवातीचं टोक धरलं आणि पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो काठ चाचपत गेला. सुरुवातीला काठ वेडावाकडा होता. कुठे वीण सैल, कुठे घट्ट. पुढे हळूहळू तो सरळ होत गेला होता, आणि शेवटाकडे असा सुतासारखा सरळ, की त्याच्या स्वतःच्या हातून तसा आला असता तर तो चार लोकांना दाखवत फिरला असता. त्याने पुन्हा पहिलं टोक हातात घेतलं. त्याचा आवाज उतरला होता.

"विकतची न्हाई," तो म्हणाला. "बाजारात अशी सुरुवात कोन घील? पैल्यांदाच बसलेल्या मानसाचा हात हाय ह्यो. माजी पैली घोंगडीबी अशीच निघाली हुती. बानं कुनाला दाखिवली न्हाई." मग त्याने केराकडे न बघता म्हटलं, "पाय बघ तुजं."

केराने खाली पाहिलं. इतके दिवस जिकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तिकडे पाहिलं. दोन्ही तळव्यांना पावड्यांचे वळ उठले होते, अंगठ्यापाशी कातडी जाड झाली होती. तळहात उलटून पाहिले, तर फणीचे घट्टे. हे पाय तिचे होते, हे हात तिचे होते, आणि ते तिला ओळखू येत नव्हते.

"म्हाराज," ती कशीबशी म्हणाली, "मग माज्यासमोर कोन बसलं हुतं? रोज कोन यायचं?"

महाराजांचे डोळे पाण्याने भरले. "ते मला काय विचारतेस? मी तर डोंगरापलीकडे होतो. तो पालखीत बसलाय, त्याला विचार." आणि महाराजांनी पालखीपुढे दोन्ही हात जोडले.

मग पुजाऱ्याने भंडाऱ्याचं ताट केराच्या हातात दिलं. भिवाने घोंगडी स्वतः पुन्हा पसरली, चारही कोपरे ओढून सरळ केले. पालखी खाली टेकली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून असा गजर उठला की देवळावरची कबुतरं उडाली.

केरा ताट घेऊन उभी होती. अजूनही तिला नीटसं काही कळलं नव्हतं. तिच्यापुढे कोणीतरी वाकलं. तिने पाहिलं, तो भिवा होता. डोक्यावरचा पटका उतरवून हातात घेतलेला, मान खाली. ज्या थोरल्या दिरासमोर तिने कधी पदर सरकू दिला नव्हता, तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला होता.

ती घाबरून मागे सरली. "भावजी, ह्ये काय करताय? तुमी थोरलं!"

"दीर म्हनून न्हाई वाकलो," भिवा म्हणाला. "तू मानकरीन हायेस. लाव भंडारा."

केराने चिमूटभर भंडारा घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला.